गेम बंद पडतो, पण फोन चालूच राहतो! कर्नल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर एकच चिप कशी वाटून घेतात?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामेभावाने मला विचारलं, “दादा, गेम खेळताना कधी कधी नुसता गेम बंद होतो आणि मी होम स्क्रीनवर येतो. पण परवा अख्खा फोनच रिस्टार्ट झाला. गेम तोच, फोन तोच, मग असं वेगवेगळं का होतं?”

“फोन गरम झाला असेल,” असं सांगून मी मोकळा झालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याचं खरं उत्तर फोनच्या अगदी आत दडलेलं आहे. गेमला स्क्रीनवर चित्र काढायचं असतं. चित्र काढणारी चिप, म्हणजे जीपीयू, फोनमध्ये एकच असते. त्याच वेळी ती चिप कीबोर्डला हवी असते, नोटिफिकेशनला हवी असते, मागे चालू असलेल्या व्हिडिओ कॉललाही हवी असते. मग तिच्यावर ताबा कुणाचा? आज हेच नीट समजून घेऊ. शेवटी तुमच्या फोनमध्ये तपासायच्या चार-पाच गोष्टीही सांगतो. त्यातली एक तुमच्या यूपीआयच्या पैशांशी संबंधित आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

## आधी कर्नल म्हणजे काय ते बघू

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला, तोच हा लिनक्स. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा असा भाग, ज्याला हार्डवेअरला थेट हात लावायची परवानगी असते. बाकी सगळे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, गेम, ब्राउझर, अगदी सेटिंग्जचं अ‍ॅपसुद्धा, कर्नलच्या बाहेर चालतात.

ही परवानगी नुसती कागदावरची नाही, प्रोसेसरमध्येच कोरलेली आहे. तुमच्या फोनमधल्या आर्म प्रोसेसरला अधिकाराच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालची पायरी पायरी शून्य, तिथे अ‍ॅप्स चालतात. तिच्या वरच्या पायरी एकवर कर्नल चालतो. पायरी शून्यवरच्या अ‍ॅपने स्वतःला न दिलेल्या मेमरीला किंवा हार्डवेअरला हात लावायचा प्रयत्न केला, की प्रोसेसर तिथेच थांबतो आणि कर्नलला कळवतो. कर्नल बहुतेक वेळा त्या अ‍ॅपला बंद करतो. “अनफॉर्च्युनेटली, अ‍ॅप हॅज स्टॉप्ड” हा जुना ओळखीचा मेसेज आठवतोय ना? त्यातला काही भाग असाच यायचा.

म्हणजे नियम सरळ दिसतो: हार्डवेअरचं काम असेल तर कर्नलला सांगा, तो करून देईल. फाइल वाचायची, नेटवर्कवर डेटा पाठवायचा, तर हे छान चालतं. पण ग्राफिक्सच्या बाबतीत हाच नियम गळ्याशी येतो.

## अडचण कुठे येते?

तुमची स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर एका चित्रासाठी, म्हणजे एका फ्रेमसाठी, १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झला फक्त ८.३३. तेवढ्या वेळात एखादा मोठा गेम शेकडो, कधी हजारो वेळा “हे झाड काढ, ही भिंत काढ, हा माणूस काढ” असं सांगत असतो. प्रत्येक वेळी अ‍ॅपमधून कर्नलमध्ये जायचं, कर्नलने तपासायचं, परत यायचं, असं केलं तर जाण्यायेण्यातच वेळ संपेल.

मग दुसरा पर्याय: अ‍ॅपलाच जीपीयूचा थेट ताबा देऊन टाका. हे पूर्वी खरंच होत होतं. १९९३ चा ‘डूम’ हा गेम डॉसवर चालायचा. डॉसमध्ये असं राखणदार कर्नल नव्हतंच. गेम थेट ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत लिहायचा. वेग भन्नाट मिळायचा, पण एका वेळी एकच प्रोग्रॅम. तो अडकला की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करणं हाच उपाय.

थोडक्यात, कर्नलला प्रत्येक गोष्ट विचारली तर गेम अडखळतो आणि अजिबात विचारलं नाही तर सगळा फोन एका गेमच्या दावणीला बांधला जातो. गेली तीस वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे या दोन टोकांच्या मधली जागा शोधत आहेत.

## पाटाचं पाणी आणि पाटकरी

ज्यांचं गाव कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे त्यांना हे चटकन समजेल. कालवा एक, शेतकरी अनेक. पाणी पाळीने मिळतं. कोणाची पाळी कधी, गेट किती वेळ उघडायचं, हे पाटकरी बघतो. पण एकदा पाणी आपल्या शेतात आलं की दारं आपणच धरतो. कोणत्या सरीत पाणी सोडायचं, कोणत्या वाफ्याला जास्त द्यायचं, यासाठी कोणी पाटकऱ्याला हाक मारत नाही.

आजच्या फोनमध्ये नेमकी हीच वाटणी आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणून आपण ज्याला एक वस्तू समजतो, ते खरं तर दोन तुकडे असतात:

- अ‍ॅपच्या बाजूचा तुकडा. ही एक लायब्ररी असते. गेम सुरू झाला की ती गेमच्याच प्रोसेसमध्ये येऊन बसते. ओपनजीएल किंवा वल्कनमध्ये दिलेल्या सूचना जीपीयूच्या भाषेत बदलणं, शेडर कंपाइल करणं, ही सगळी मोठी कामं हीच करते. शेतात दारं धरणारा हाच.
- कर्नलच्या बाजूचा तुकडा. हा आकाराने लहान असतो, पण अधिकार मोठा. कोणाचं काम आधी, कोणाला किती मेमरी, जीपीयूचा वेग किती, काम अडकलं तर काय करायचं, हे तो ठरवतो. हा पाटकरी.

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनमध्ये अ‍ॅड्रीनो जीपीयू असतो, त्याच्या कर्नल ड्रायव्हरला केजीएसएल म्हणतात. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपमध्ये आणि गुगलच्या अनेक टेन्सर चिपमध्ये आर्म कंपनीचा माली जीपीयू असतो, त्याचा वेगळा कर्नल ड्रायव्हर असतो. नावं वेगळी, वाटणी तीच.

## ही वाटणी व्हायला इतकी वर्षं का लागली?

कारण सुरुवातीला पाटकरीच नव्हता, किंवा जो होता त्याला कालव्यात काय चाललंय हे माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकातल्या लिनक्स कॉम्प्युटरवर स्क्रीन सांभाळायचं काम ‘एक्स सर्व्हर’ नावाचा प्रोग्रॅम करायचा. तो कर्नलच्या बाहेर चालायचा, पण रूट अधिकार घेऊन ग्राफिक्स कार्डच्या रजिस्टरमध्ये थेट लिहायचा. कर्नलला बिचाऱ्याला स्क्रीनची स्थिती काय आहे हेच कळत नसे. एक्स सर्व्हर मध्येच कोसळला तर स्क्रीन काळी, आणि कर्नल आत जिवंत असूनही वापरणाऱ्याला काही सांगू शकत नसे.

मग लिनक्समध्ये डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, म्हणजे डीआरएम, आलं. अनेक प्रोग्रॅमनी एकच जीपीयू भांडण न करता वापरावा यासाठी कर्नलमध्ये बसवलेला हा मध्यस्थ. त्यानंतर २००८ च्या डिसेंबरमधल्या लिनक्स २.६.२८ मध्ये जीपीयूची मेमरी सांभाळणारी ‘जेम’ ही व्यवस्था आली. मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवण्याचं कामही कर्नलने आपल्याकडे घेतलं, सुरुवात इंटेलच्या चिपपासून झाली.

इथे एक गंमत सांगतो. ओटीटीच्या संदर्भात तुम्ही ‘डीआरएम’ ऐकलं असेल. ते वेगळं. ते व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप. लिनक्सचं डीआरएम जीपीयूचा पाटकरी. दोघांचा संबंध फक्त तीन अक्षरांचा.

विंडोजचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये वेगासाठी ग्राफिक्सचा मोठा भाग कर्नलच्या आत नेला गेला. वेग मिळाला, पण आतला कोड चुकला की अख्खी सिस्टिम पडायची, निळी स्क्रीन! २००७ मध्ये लोकांच्या हातात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरचे पुन्हा दोन तुकडे केले: मोठा भाग बाहेर, लहान भाग आत. त्याबरोबर एक पहारेकरीही बसवला. जीपीयूने ठरलेल्या वेळेत, मूळ सेटिंगप्रमाणे दोन सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही तर विंडोज फक्त जीपीयू रिसेट करते, कॉम्प्युटर नाही.

बघा, एक जण बाहेरून आत आला, दुसरा आतून बाहेर गेला, आणि दोघं जवळपास एकाच जागी येऊन थांबले. वाटणी योग्य असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी दिसत नाही.

## एका फ्रेमचा प्रवास

आता तुमच्या फोनमध्ये एक फ्रेम कशी तयार होते ते पायरीपायरीने बघू.

१. यादी तयार होते. गेम “झाड काढ, भिंत काढ” सांगतो. अ‍ॅपच्या बाजूचा ड्रायव्हर या सूचना गेमच्याच मेमरीत एका यादीत लिहीत जातो. अजून कर्नलला पत्ताही नाही. म्हणूनच हे वेगात होतं.

२. यादी सोपवली जाते. यादी पुरेशी भरली की ड्रायव्हर कर्नलला एकच हाक मारतो: “ही यादी जीपीयूला दे.” हजार सूचनांसाठी हजार फेऱ्या नाहीत, मोजक्याच फेऱ्या. किराणा आणायला प्रत्येक वस्तूसाठी दुकानात जात नाही, यादी करून एकदाच जातो, तसं.

३. कर्नल पाळी लावतो. त्याच वेळी कीबोर्डची यादी आलेली असते, सिस्टिमची स्वतःची आलेली असते. कर्नल त्यांना रांगेत लावतो. स्क्रीन जुळवणाऱ्या सिस्टिमच्या कामाला वरची पाळी मिळू शकते, म्हणून जड गेम चालू असतानाही नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढता येतो. हल्लीच्या काही जीपीयूत, उदाहरणार्थ २०२१ मध्ये जाहीर झालेल्या माली-जी७१० मध्ये, पाळी लावायच्या या कामाचा काही भाग जीपीयूतला छोटा कंट्रोलरच उचलतो.

४. जीपीयू काम करतो. आणि तेही कुंपणात राहून. जीपीयूला स्वतःचं मेमरीचं कोष्टक असतं, आणि ते कोष्टक कर्नल भरतो. गेमची यादी चालू असताना जीपीयूला गेमची मेमरी दिसते. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपची मेमरी त्या कोष्टकात नसतेच, त्यामुळे गेमने कितीही वेडीवाकडी सूचना लिहिली तरी जीपीयू तिथे पोहोचू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५. “झालं” असा निरोप येतो. काम संपलं की जीपीयू कर्नलला इशारा देतो. कर्नल ‘फेन्स’ नावाची खूण मोकळी करतो. फेन्स म्हणजे “हे चित्र अजून ओलं आहे, हात लावू नका” अशी पाटी. पाटी निघाली की चित्र वापरायला तयार.

६. सरफेसफ्लिंगर चित्रं जुळवतो. नाव गमतीशीर आहे, पण अँड्रॉइडमधला हा फार महत्त्वाचा प्रोग्रॅम. गेमचं चित्र, वरची स्टेटस पट्टी, एखादी तरंगती खिडकी, असे वेगवेगळे थर तो एकत्र आणतो. शक्य असेल तेव्हा तो हे थर जीपीयूकडे न देता थेट डिस्प्लेच्या चिपकडे देतो, तिला थर एकमेकांवर ठेवता येतात. त्याने बॅटरी वाचते.

बँकेच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढायला गेल्यावर नकार मिळतो किंवा काळं चित्र येतं ना? ते अ‍ॅप आपल्या थरावर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारतं आणि सिस्टिम तो थर स्क्रीनशॉटमध्ये घ्यायला नकार देते. सगळी चित्रं शेवटी एकाच माणसाच्या हातून जातात, म्हणूनच हे शक्य होतं.

## चित्र उचलून नेत नाहीत, चिठ्ठी देतात

इथे एक छोटं गणित करू. स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. म्हणजे एक फ्रेम झाली साधारण १०.४ एमबीची. १२० हर्ट्झला सेकंदाला १२० फ्रेम. गेमकडून सरफेसफ्लिंगरकडे देताना प्रत्येक फ्रेमची नक्कल करायची म्हटलं तर सेकंदाला सव्वा जीबीच्या आसपास नुसती उचल-ठेव. बॅटरीचं काय होईल विचार करा.

म्हणून चित्र जागचं हलतच नाही. कर्नल त्या मेमरीची एक चिठ्ठी तयार करतो आणि अ‍ॅप ती चिठ्ठी सरफेसफ्लिंगरला देतं. लिनक्समध्ये या व्यवस्थेला डीएमए-बफ म्हणतात, २०१२ च्या लिनक्स ३.३ पासून ती आहे. कॅमेरा, व्हिडिओ डीकोडर, जीपीयू आणि डिस्प्ले, सगळे एकाच मेमरीकडे बोट दाखवून काम करतात. फोनमध्ये जीपीयूला वेगळी रॅम नसतेच, सगळ्यांची रॅम एकच. तुमच्या ६ जीबीतला काही भाग ग्राफिक्सच खातं, ते यामुळे.

मेमरी कोणाची, चिठ्ठ्या कोणाकोणाकडे आहेत, शेवटची चिठ्ठी परत आली का, हा हिशेब कर्नलकडे असतो. हिशेब चुकला तर? थांबा, तिकडेच येतोय.

## मामेभावाचं उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बिघाड कोणत्या मजल्यावर झाला, यावर तुम्हाला काय दिसतं ते अवलंबून असतं.

फक्त गेम बंद झाला. चूक गेममध्ये किंवा अ‍ॅपच्या बाजूच्या ड्रायव्हरमध्ये होती. तो तुकडा गेमच्याच प्रोसेसमध्ये असतो, त्यामुळे गेमबरोबर तोही जातो. बाकी कुणाला धक्का नाही. कधी गेमने दिलेलं काम जीपीयूत अडकून बसतं. तेव्हा कर्नल ठरावीक वेळ वाट बघून जीपीयू रिसेट करतो आणि गेमला कळवतो की तुझं जीपीयूवरचं सगळं गेलं. बहुतेक गेम तिथे हात टेकतात आणि बंद होतात. तुम्हाला एक क्षण स्क्रीन गोठल्यासारखी वाटते, मग होम स्क्रीन.

कंपनीचं अ‍ॅनिमेशन दिसलं आणि फोन पटकन परत आला. इथे सरफेसफ्लिंगर किंवा अँड्रॉइडचा असाच एखादा मुख्य प्रोग्रॅम पडला. कर्नल जिवंतच होता, त्यामुळे फक्त वरचा मजला पुन्हा उभा राहिला. याला सॉफ्ट रिबूट म्हणतात.

फोन पूर्ण बंद होऊन पहिल्यापासून सुरू झाला. आता मात्र बिघाड तळमजल्यावर. कर्नलमध्ये, म्हणजे बऱ्याचदा कर्नलच्या आतल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये. कर्नलच्या आत कोणी कोणापासून वेगळं नसतं. ग्राफिक्स ड्रायव्हरने चुकीच्या ठिकाणी लिहिलं तर फाइल सिस्टिमचाही घोटाळा होऊ शकतो. म्हणून चूक लक्षात आली की कर्नल सगळं थांबवून नव्याने सुरुवात करतो. अर्थात जास्त गरम होणं आणि थकलेली बॅटरी ही कारणंही असतातच, ती विसरू नका.

दुसरा आणि तिसरा प्रकार ओळखायची एक युक्ती आहे. बऱ्याच फोनमध्ये ‘फोनविषयी’मधल्या ‘स्टेटस’मध्ये ‘अप टाइम’ दिसतो. कर्नल किती वेळापासून चालू आहे, ते तो आकडा सांगतो. फोन रिस्टार्ट झाल्यासारखा वाटला आणि अप टाइम अजून ९० तास दाखवतोय, तर समजा कर्नल पडलाच नव्हता.

## आता यूपीआयची गोष्ट

वर म्हटलं होतं, गेमला बँकेच्या अ‍ॅपची मेमरी दिसत नाही, कारण कोष्टक कर्नल भरतो. पण कोष्टक भरणाऱ्या ड्रायव्हरमध्येच चूक असेल तर?

कॅमेरा वापरायचा तर अ‍ॅप तुमची परवानगी मागतं. लोकेशनलाही मागतं. जीपीयूसाठी कधी कोणी परवानगी मागितली आहे? नाही. स्क्रीनवर काहीही दाखवायचं तर जीपीयू लागतो, म्हणून साध्या टॉर्चच्या अ‍ॅपलाही ग्राफिक्सच्या कर्नल ड्रायव्हरशी थेट बोलता येतं. म्हणजे कर्नलच्या वाड्याचा हा असा दरवाजा आहे, जो प्रत्येक अ‍ॅपसाठी उघडा ठेवावाच लागतो. हल्लेखोर तिथेच येणार ना!

आणि आलेही. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा संशोधकांच्या गटाने २०२१ सालचा आढावा घेतला. त्या वर्षी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलेल्या, आधी माहीत नसलेल्या ज्या त्रुटी अँड्रॉइडमध्ये सापडल्या त्या होत्या ७. त्यातल्या ५ ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या होत्या: ३ अ‍ॅड्रीनोच्या, २ मालीच्या.

पुढच्या वर्षीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. याच गटाने २०२२ च्या जून-जुलैमध्ये मालीच्या कर्नल ड्रायव्हरमधल्या ५ त्रुटी आर्म कंपनीला कळवल्या. त्यातल्या तिघींचं स्वरूप असं होतं: कर्नलने मेमरीचं एक पान परत घेतलं, पण जीपीयूच्या कोष्टकातली त्याची नोंद तशीच राहिली. भाडेकरूने खोली सोडली, पण डुप्लिकेट किल्ली त्याच्याच खिशात राहिली, तसं. तीच खोली पुढे दुसऱ्या कुणाला दिली गेली, अगदी कर्नलच्या स्वतःच्या नोंदींना जरी दिली गेली, तरी जुना भाडेकरू आत शिरू शकतो. मग कुंपण, परवानग्या, सगळं व्यर्थ.

आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्ती देऊन टाकली. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये संशोधकांनी बाजारातले फोन तपासले, तेव्हा तपासलेल्या माली फोनपैकी एकातही ती पोहोचलेली नव्हती! चिप बनवणारा, फोन बनवणारा आणि आपण, या साखळीत दुरुस्ती अडकून पडली होती. पाटकऱ्याच्या गेटला नवं कुलूप बनलं होतं, पण ते गेटवर बसलंच नव्हतं.

ही साखळी आपल्या हातात नाही. पण साखळीची शेवटची कडी आपणच आहोत. अपडेट येऊन पडलेलं असतं आणि आपण “आज रात्री करू” म्हणत महिने काढतो.

## तुमच्या फोनमध्ये हे तपासा

सिक्युरिटी पॅचची तारीख. सेटिंग्ज, मग ‘फोनविषयी’, मग ‘अँड्रॉइड व्हर्जन’. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसेल. महिना-वर्ष बघाच, पण दिवसही बघा. तारीख १ असेल तर त्या महिन्याच्या अँड्रॉइडच्या मूळ भागातल्या दुरुस्त्या नक्की आहेत, असा अर्थ. ५ असेल तर त्याबरोबर कर्नल आणि चिप कंपन्यांच्या भागातल्या दुरुस्त्याही. ग्राफिक्सचा कर्नल ड्रायव्हर या दुसऱ्या गटात येतो.

‘गुगल प्ले सिस्टिम अपडेट’वर समाधान मानू नका. ते उपयोगी आहेच, पण जीपीयूचा कर्नल ड्रायव्हर त्यातून बदलत नाही. त्यासाठी फोन कंपनीचं पूर्ण सिस्टिम अपडेटच लागतं.

कर्नल व्हर्जन. बऱ्याच फोनमध्ये त्याच पानावर दिसतं. आता या लेखानंतर ती ओळ अनोळखी वाटणार नाही.

अपडेटनंतर गेम अडखळला तर घाबरू नका. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की आधी कंपाइल करून ठेवलेले शेडर बऱ्याचदा बाद होतात आणि नव्याने तयार करावे लागतात. पहिले एक-दोन डाव झटके बसतात, मग सुरळीत होतं.

फ्रेमचा वेळ डोळ्यांनी बघा. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग’ हा पर्याय स्क्रीनवरच्या बारसाठी चालू करा. साध्या अ‍ॅपमध्ये स्क्रोल करताना खाली रंगीत काड्या दिसतील. हिरवी आडवी रेघ म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. काडी रेघेच्या वर गेली की फ्रेम चुकण्याची शक्यता. गेम स्वतःचं चित्र वेगळ्या मार्गाने काढतात, त्यामुळे तिथे या काड्यांचा उपयोग नाही. बघून झालं की पर्याय बंद करा.

## ‘जीपीयू बूस्टर’ अ‍ॅप घ्यावं का?

हा प्रश्न मला हमखास येतो. आता उत्तर तुम्हीच देऊ शकता. जीपीयूचा वेग कोण ठरवतं? कर्नल. फोन गरम झाल्यावर तो वेग कमी कोण करतं? तेही कर्नल. पायरी शून्यवरचं एखादं अ‍ॅप स्टोअरमधून येऊन हा वेग वाढवू शकत नाही. ते फार तर मागची अ‍ॅप्स बंद करेल आणि जाहिराती दाखवेल. फोनमध्ये आधीपासून असलेला ‘गेम मोड’ वेगळा, त्याला कंपनीने सिस्टिमचे अधिकार दिलेले असतात.

मग “नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर टाका” असं सांगणारे व्हिडिओ खोटे का? सगळे नाहीत. अ‍ॅपच्या बाजूचा तुकडा बदलता येतो. अँड्रॉइड १० पासून तो प्ले स्टोअरमधूनही देण्याची सोय आहे. अ‍ॅड्रीनोच्या फोनवर काही एम्युलेटर अ‍ॅप्स टर्निप नावाचा मुक्त ड्रायव्हर फक्त स्वतःपुरता वापरतात, आणि त्यासाठी रूटही लागत नाही. कारण तो तुकडा त्यांच्याच प्रोसेसमध्ये राहतो, चुकला तर तेच अ‍ॅप पडतं. पण कोणी टेलिग्रामवरून फाइल देऊन “आधी फोन रूट करा” म्हणालं, तर तो तुमच्याकडे पाटकऱ्याच्याच किल्ल्या मागतोय. ज्या फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे, त्या फोनच्या किल्ल्या अनोळखी माणसाला देऊ नका.

मामेभावाच्या फोनमध्ये आम्ही बघितलं, तेव्हा पॅचची तारीख जवळपास वर्षभर जुनी निघाली. अपडेट केव्हाचं येऊन पडलं होतं. “डेटा संपेल म्हणून टाळलं,” तो म्हणाला. घरच्या वायफायवर अर्ध्या तासात झालं. त्यानंतर फोन रिस्टार्ट झालेला नाही. यावरून दोष ड्रायव्हरचाच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण त्याच दिवशी आम्ही फोनचं ते जाडजूड कव्हरही काढून टाकलं होतं. पण पॅचची तारीख बघायची सवय त्याला लागली, आणि गेल्या आठवड्यात त्याने आत्याचाही फोन अपडेट करून दिला. तुम्हीही आजच तुमचा आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा फोन उघडून ती तारीख बघा.